पाच उदाहरणे आणि सहावी संख्या

श्रोतेहो, पाटीवर एक संख्या लिहून घ्या : ४२९४९६७२९७. चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. दिसायला रुक्ष, परंतु एका थोर गणितज्ञाचे अनुमान या संख्येने खोटे पाडले.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या, हे आपण शाळेत शिकतोच. आता २ घ्या. त्याचा वर्ग ४, चाराचा वर्ग १६, सोळाचा २५६ आणि त्याचा ६५५३६. या प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा पाच संख्या येतात, आणि पाचही मूळ आहेत! फ्रान्समधील फर्मा याने १६४० साली एका पत्रात लिहिले की, ही माळ कितीही वाढवा, प्रत्येक संख्या मूळच निघेल. मात्र याची पक्की सिद्धता आपल्याजवळ नाही, असेही त्याने सांगितले.

६५५३६ चा वर्ग करून त्यात १ मिळवला की आपली पाटीवरची संख्या येते. ही सहावी. ती मूळ आहे की नाही, हे पाहायचे कसे? एकेका मूळ संख्येने भागत बसायचे म्हटले, तर ६५५३६ पर्यंत अशा ६५४२ संख्या आहेत. कोण भागत बसणार?

१७२९ साली गोल्डबाख याने ऑयलरचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले, आणि १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले की, या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. पुढे त्याने यातली युक्तीही सिद्ध केली. या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिला ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढ्याच क्रमाने तपासायच्या. पाचव्या भागाकारालाच काम फत्ते!

माझ्या शब्दावर विसंबू नका. पडताळा तुम्हीच घ्या. ६७००४१७ ला ६०० ने गुणा : ४०२०२५०२००. चाळिसाने गुणा : २६८०१६६८०. एकाने : ६७००४१७. तिन्हींची बेरीज करा. पाटीवरची संख्या आली ना?

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी दोन शब्द. १ आणि ३ मिळून ४, १, ३ आणि ५ मिळून ९. विषम संख्यांच्या बेरजेतून वर्ग येतात. हा नियम कधीच मोडत नाही. का? खडे चौरसात मांडा. दोन कडांना खड्यांची नवी ओळ लावली की पुढचा चौरस तयार, आणि त्या ओळीला दर वेळी पुढचीच विषम संख्या लागते. इथे कारण डोळ्यांना दिसते. फर्माच्या माळेत पाच उदाहरणे होती, कारण नव्हते.

त्या माळेत सहावी मूळ संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही. पण म्हणून ती नाहीच, असेही सिद्ध झालेले नाही. तेव्हा वर्गात एखादा नियम चार-पाच उदाहरणांनी पटवल्यावर एखाद्या मुलाने "गुरुजी, पण नेहमीच असं होतं कशावरून?" असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. ऑयलरपुढेही हाच प्रश्न होता.