ओट्याची टाईल कापताना

घरकुलाचं काम छपरापर्यंत आलं, की आपल्या नरखेड तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: ओट्यावर काय बसवायचं? घरकुलाच्या 25 चौरस मीटरमध्ये स्वयंपाकाची जागा धरलेली असते, पण कडप्पा घ्यायचा की टाईल, हे आपणच ठरवायचं.

कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, संत्र्याचा रस सांडून राहिला की त्याची चकाकी जाते. आणि संत्र्याच्या मुलखात रस सांडणारच! म्हणून बऱ्याच जणी आता विट्रिफाइड टाईल मागतात. ही गुजरातच्या मोरबीहून येते. डाग धरत नाही, पण भारी कडक.

कापण्याआधी मोजायचं. 2 फूट बाय 2 फुटांची टाईल घेतली, तर ओट्याच्या 2 फूट रुंदीत ती पूर्ण बसते. ओटा 7 फूट लांब असेल, तर 3 टाईल अख्ख्या आणि साधारण 1 फुटाची एक पट्टी. आधी सगळ्या कोरड्याच मांडून बघा. पट्टी भिंतीच्या कोपऱ्याकडे टाका आणि तिची कापलेली कड भिंतीला लावा, म्हणजे हाताला लागत नाही. दोन टाईलमध्ये 2-3 मिलिमीटर फट ठेवा.

सरळ कापासाठी आम्ही हातकटरच सांगतो. त्याला वीज लागत नाही, धूळही फार उडत नाही. चकचकीत बाजू वर ठेवायची, पेन्सिलीच्या रेघेवरून चाक एकदाच, एकसारख्या दाबानं फिरवायचं आणि मग दांडी दाबायची. पुन्हा पुन्हा चाक फिरवलं की कड फाटते. गटानं मिळून एक हातकटर घेतला, तर पाळीपाळीनं सगळ्यांच्या घरी चालतो.

सिंकचं भोक मात्र कटर मशीनचं काम, ते मिस्त्रीकडूनच करून घ्या. पण समोर उभं राहून सांगा: "दादा, आधी चारही कोपऱ्यांत छिद्रं पाडा, मग मधलं कापा." कोपरा काटकोनात कापला की तिथूनच तडा जातो. चाक हिऱ्याच्या कणांचं, सलग कडेचं हवं. काप एका दमात नाही, आधी वरवर चर, मग दोन-तीनदा खोल.

आणि कोरडं कापू देऊ नका. हे आम्ही दहादा सांगू. टाईलमध्ये, ग्रॅनाईटमध्ये सिलिका असते. कोरड्या कापात पांढरा धुरळा उठतो. त्यातला जाड भाग खाली बसतो, पण डोळ्यांना न दिसणारा बारीक भाग हवेत राहतो आणि फुफ्फुसात जातो. तिथून तो निघत नाही. त्यानं सिलिकोसिस होतो. दम लागतो, खोकला राहतो, पुष्कळदा त्याला टीबी समजून औषध चालतं. फुफ्फुस पुन्हा पहिल्यासारखं करणारं औषध नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे अनेक कामगार या आजारानं गेले. ऑस्ट्रेलियात तर ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड 1 जुलै 2024 पासून बंदच केला, कारण त्यात सिलिका फार. एका ओट्यानं आपल्याला हा आजार होईल असं नाही, पण मिस्त्री रोज कापतो. त्याच्याही घरी लेकरं आहेत.

म्हणून काप अंगणात, चाकावर पाण्याची धार धरून. धार धरणाऱ्या बाईनं पदर खोचावा, केस बांधावे, डोळ्यांवर चष्मा लावावा. तोंडाला एन-95 मास्क हवा, पदरानं ही धूळ अडत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली म्हणून पाण्याची नळी जोडता येणारंच मशीन आणायला सांगा. बोर्डाला ईएलसीबी असावा, जोडणी जमिनीपासून वर कोरडी असावी, पायात रबरी बूट असावेत. ईएलसीबी नसेल तर माप लिहून टाईल दुकानातूनच कापून आणा, तिथं पाण्यावर चालणारं मोठं मशीन असतं का ते विचारा. ग्रॅनाईट घेणार असाल तर तसंच करा.

पाण्याचे गुंड आणि लेकरं तिथून लांब ठेवा. काम झाल्यावर खराट्यानं झाडू नका. चिखल ओला असतानाच भरून खड्ड्यात टाका आणि वर माती ओढा. मोरीत सोडला तर तो घट्ट बसतो आणि पाणी तुंबतं.