कुत्र्याच्या हृदयातला जंत आणि उबदार हवा

हार्टवर्म हा जंत कुत्र्यापासून कुत्र्याला थेट लागत नाही. मध्ये डास लागतो. जंताचं शास्त्रीय नाव डायरोफिलारिया इमिटिस. गंमत (कुत्र्यासाठी नव्हे!) अशी की डासाच्या पोटातही अळीला वाढायला ऊब लागते. तापमान २७ अंशांच्या आसपास असेल तर दोन आठवड्यांत ती चावण्यातून पसरायला तयार होते. १४ अंशांखाली वाढच थांबते. म्हणून अमेरिकेत मिसिसिपीचं खोरं आणि आखाती किनारा ही याची जुनी माहेरघरं. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर तिथले हजारो कुत्रे दूरच्या राज्यांत पाठवले गेले, त्यातल्या अनेकांबरोबर जंतही गेला. आपल्याकडे तो प्रामुख्याने ईशान्य भारतात आढळतो.

असा डास कुत्र्याला चावल्यानंतर सहा-सात महिन्यांनी जंत पूर्ण वाढतो. मादी ३० सेंटिमीटरपर्यंत लांब, फुप्फुसाच्या धमन्यांत शेवयांसारखी गुंतलेली. खोकला, दम लागणं ही लक्षणं फार उशिरा दिसतात. उपचार आर्सेनिकयुक्त इंजेक्शनांचा, खर्चिक आणि जोखमीचा. त्यापुढे महिन्याची प्रतिबंधक गोळी कितीतरी स्वस्त.

कुत्र्याला घेऊन ईशान्येकडे राहायला जाणार असाल किंवा तिकडून कुत्रा आणणार असाल, तर आधी रक्ततपासणी करा. गोळी पशुवैद्यांना विचारूनच द्या.