हलगी आमची, रिंगण त्यांचे!

कळंब तालुक्यातल्या कुठल्याही गावची जुनी वरात डोळ्यांपुढे आणा. हलगी वाजवणारा कोण? डोक्यावर बत्ती घेऊन चालणारा कोण? आणि गुलालात नाचणारा कोण? उत्तर शाळेतलं पोरही देईल. आता हलगीच्या जागी डीजे आला, बत्तीच्या जागी रोषणाई आली. रिंगण कुणाचे, हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

हा प्रश्न आमच्यापुरताच नाही. 1988 साली अमेरिकेत जॉन वॉटर्स यांचा ‘हेअरस्प्रे’ हा विनोदी चित्रपट आला. काळ 1962चा, शहर बाल्टिमोर. टीव्हीवर पोरापोरींच्या नाचाचा कार्यक्रम चालतो. गाणी-ताल बहुतांशी काळ्यांनी घडवलेले, नाचणारी पोरं मात्र गोरी! काळ्यांसाठी महिन्यातून एक वेगळा दिवस. ट्रेसी नावाची एक जाडजूड गोरी मुलगी या भेदाविरुद्ध उभी राहते. तिच्या आईचे काम डिव्हाइन या पुरुष नटाने लुगड्याच्या थाटात, म्हणजे तिकडच्या झग्यात केले आहे. आमच्या तमाशातला सोंगाड्या जसा पाटलाची टोपी उडवतो, तसा हा चित्रपट वर्णद्वेष्ट्यांचे हसे करतो. शेवटी काळे-गोरे एकत्र नाचतात.

पण बांधवांनो, पडद्यामागचे सत्य कडू आहे. ज्या खऱ्या कार्यक्रमावरून ही गोष्ट सुचली, तो ‘बडी डीन शो’ जानेवारी 1964 मध्ये बंद पडला. का? गोऱ्या आईबापांना आपली मुलं काळ्यांसोबत नाचलेली चालणार नव्हती. रिंगण मोडले, पण वाटून घेतले नाही!

आम्हाला हे नवे नाही. 1930 साली नाशिकला सत्याग्रह सुरू होताच काळाराम मंदिराचे दरवाजे बंद झाले. देव कोंडला, पण आम्हाला आत घेतले नाही. बाल्टिमोर काय, नाशिक काय, मालकीची वृत्ती एकच.

आमच्याकडे हे दुखणे नागराज मंजुळे यांनी 2013च्या ‘फँड्री’त मांडले. कैकाड्याचा जब्या जत्रेत नाचायला धडपडतो आणि त्याच्या वाट्याला बत्ती धरणे येते. तिथे हसू येत नाही. कारण इथे नाचणे जिवावर बेतते. 1 जून 2023ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत एका भीमसैनिक तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग होता, असे फिर्याद सांगते. त्या वेळी गावातून लग्नाची वरात नाचत चालली होती!

फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेब आमच्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला आले, ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची गावकी. दुसऱ्याच्या आनंदात राबायचे, आपण बाजूला उभे राहायचे. ती बत्ती डोक्यावरून उतरवण्याचा धडा बाबासाहेबांनी दिला.

मग एक प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारू. 14 एप्रिलच्या आमच्या मिरवणुकीत पारधी पेढीवरचे पोर मध्यभागी नाचते का? मांगवाड्यातला हलगीवाला फक्त वाजवायला येतो, की मानानेही येतो? आमच्या लेकी रिंगणात असतात, की ओट्यावरून बघतात? उत्तर ‘नाही’ असेल, तर आम्हीही एक छोटा ‘बडी डीन शो’ चालवतो आहोत.

विहारात एका रविवारी ‘फँड्री’ दाखवा, दुसऱ्या रविवारी ‘हेअरस्प्रे’. पोरांना आधी हसू द्या, मग विचारा की शेवटी कोण कुणासोबत नाचले? आणि येत्या जयंतीला हलगीवाल्याच्या गळ्यातली हलगी घटकाभर आपल्या गळ्यात घ्या. त्याला म्हणा, दादा, आता तुम्ही नाचा, आम्ही वाजवतो.

जयभीम!