विजेचा सूर आणि माणसाचा गळा



बेळगावच्या उत्तरेस कडोली हे गाव आहे. या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते आणि सीमाभागातील मराठी माणूस ते आपल्या घरचे कार्य मानतो. अशा गावातील भजन ऐकावयास बसले, की पेटी, मृदंग आणि टाळ हा तिन्हींचा संसार डोळ्यांपुढे येतो. परंतु अलीकडे गावोगावी या संसारात एक नवा पाहुणा शिरला आहे. त्याला सगळे सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. गणपतीच्या मांडवात आणि लग्नाच्या वरातीत त्याच्या जोडीला ऑक्टोपॅड असतो. एक माणूस दोन हातांनी दहा वाजंत्र्यांचे काम करतो. जाणती मंडळी विचारतात, हे संगीत म्हणावे काय? आणि त्या दहांपैकी उरलेल्या नऊ जणांनी काय करावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मी आपणांस ४० वर्षांहून अधिक मागे, १९८२ साली निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेकडे नेणार आहे.

ती ध्वनिमुद्रिका नाझिया हसन या गायिकेची. १९६५ साली कराचीत जन्मलेल्या या मुलीचा आवाज मुंबईच्या चित्रपटसृष्टीने प्रथम ऐकला तो १९८० साली, फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’ या चित्रपटात. त्या चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे. फक्त ‘आप जैसा कोई’ हे एकच गीत बिड्डू यांनी बांधले होते. बिड्डू हे मूळचे आपल्याच राज्याच्या बंगळूरचे. ते इंग्लंडला गेले आणि तेथे नाचगाण्यांचे नामांकित संगीतकार झाले. १९७४ साली जगभर गाजलेले ‘कुंग फू फायटिंग’ हे गाणे त्यांच्याच हाताखालून गेलेले. ‘कुर्बानी’तील गीतासाठी नाझियाला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा तिचे वय अवघे १५ वर्षांचे होते. पुढील वर्षी तिची व तिचा भाऊ झोहेब याची ‘डिस्को दीवाने’ ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिने खपाचा कळस गाठला.

पहिले यश हे कित्येकदा नवलाईचे असते. खरी परीक्षा दुसऱ्या खेपेस होते. नाझियाची दुसरी ध्वनिमुद्रिका १९८२ साली आली. तिला कोणी ‘स्टार’ म्हणत, कोणी ‘बूम बूम’. विनोद पांडे यांच्या ‘स्टार’ या चित्रपटात हीच गाणी होती आणि पडद्यावर कुमार गौरव गात असता मागून आवाज झोहेबचा येत होता. चित्रपट पडला, परंतु गाणी तरली. चित्रपटाच्या आधाराने गाणे चालते, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव. येथे आधारच कोसळला आणि गाणे आपल्या पायांवर उभे राहिले.

ही गाणी ज्या वाद्यावर मोठ्या प्रमाणात उभी होती, ते म्हणजे सिंथेसायझर. त्याची कृती समजावयास अवघड नाही. सतारीत तार कंप पावते, पेटीत पितळी पट्टी कंप पावते. सिंथेसायझरमध्ये विजेचा प्रवाह कंप पावतो. तो सेकंदास जितक्या वेळा हेलकावतो, तितका स्वर उंच. परंतु हा कच्चा स्वर कर्कश असतो. म्हणून त्याला चाळणीतून काढतात, म्हणजे त्यातील नको ती तीक्ष्णता गाळतात. मग पाटाच्या पाण्याला जसे दार लावावे, तसे त्या स्वरालाही दार लावतात. दार एकदम उघडून एकदम मिटले, तर चिपळीसारखा ठोका मिळतो. हळूहळू उघडले, तर बासरीची फुंकर ऐकू येते. हे सारे ठरवणारा हात मात्र माणसाचाच असतो.

दुसरी युक्ती आवाजाची. नाझियाचा गळा कोवळा आणि काहीसा बारीक होता. लता मंगेशकरांच्या गायकीची तालीम त्यामागे नव्हती. तेच गाणे तिच्याकडून पुन्हा गाऊन घेऊन एका आवाजावर दुसरा बसवावयाचा, हा उपाय बिड्डू यांनी पहिल्या गीतापासूनच योजला होता. दोन वेळचे गाणे तंतोतंत सारखे कधीच नसते. त्या केसभर फरकामुळे आवाजाला भरीवपणा येतो. म्हणजे यंत्राने येथे उपयोग करून घेतला तो माणसाच्या किंचित चुकण्याचा!

आता त्याच १९८२ सालची दुसरी गोष्ट. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी तीन जपानी विद्युत्वाद्ये घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तीत भैरवी आहे, भूपाळी आहे, यमन आहे, मालकंसही आहे. गाणारा गळा मात्र कोठेच नाही. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार चकित झाले. कारण शिकागो शहरातील तरुणांनी १९८७ च्या सुमारास ज्या ध्वनीने नृत्यसंगीतात नवा पंथ काढला, त्याच जातीचा ध्वनी मुंबईत पाच वर्षे आधी उमटला होता. चरणजित सिंग २०१५ साली निवर्तले. उशिराने का होईना, त्यांना तो मान पाहावयास मिळाला.

रागदारीला हे वाद्य का मानवले? कारण त्याला मींड येते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे पेटीला जमत नाही. तिचे स्वर पायऱ्यांसारखे सुटे. अशाच उणिवांवर बोट ठेवून आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठवली नाही. पेटीही मूळची युरोपातलीच. तीही एके काळी परकी, यांत्रिक आणि गायकीला घातक ठरली होती. तरीही आपल्या बेळगावच्या रामभाऊ विजापुरे यांनी त्याच पेटीवर आयुष्य वाहिले आणि तिला साथीच्या पाटावरून उठवून एकलवादनाच्या गादीवर बसवले. पेटी बदलली नाही. तिच्यामागे बसलेल्या माणसाची साधना बोलली. आज पेटीवाचून वारकऱ्यांचे भजन कल्पनेतही येत नाही.

तात्पर्य, वाद्य परके आहे की विजेचे आहे, हा प्रश्न काळ सोडवतो. आपण विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. कळ दाबताच तयार ठेका वाजू लागतो, तेव्हा तो वाजवणाऱ्याने स्वतःचे काय घातले? नाझियाच्या दुसऱ्या मुद्रिकेत तिचा कोवळा गळा होता. चरणजित सिंगांच्या मुद्रिकेत आयुष्यभराचे रागज्ञान होते. जेथे दोहोंपैकी काहीच नाही, तेथे उरतो तो गोंगाट.

आणि ज्या नऊ वाजंत्र्यांचे काम गेले, त्यांचे दुःख या विवेचनाने हलके होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. यंत्राने वाचवलेला पैसा मांडवाच्या रोषणाईत न घालवता गावच्या मृदंगाचार्याकडे चार मुले शिकावयास बसवण्यात घातला, तर ते ऋण काही अंशी फिटेल. नाझिया हसन २००० साली लंडनमध्ये कर्करोगाने गेली. वय होते अवघे ३५. तिच्या मुद्रिकेतील यंत्रे कधीच जुनी झाली, अडगळीत गेली. तो गळा मात्र अजून कोणी तरी कोठे तरी ऐकत असतो. कडोलीच्या भजनात उद्या कॅसिओ असेल वा नसेल. शेवटची भैरवी म्हणणारा गळा असला, म्हणजे पुष्कळ झाले.