साखळीची खबर कोण देणार?

मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाला डाव्या हाताला लाल बोये दिसतात, उजव्या हाताला हिरवे. ‘इआला’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निकषानुसार बोयावरचा पहिल्या श्रेणीचा दिवा ९९.८ टक्के वेळ चालू हवा. म्हणजे तीन वर्षांत बंद राहायची मुभा जेमतेम दोन दिवसांची. पूर्वी दिवा विझल्याचं कुणा पायलटने वायरलेसवर सांगितल्याशिवाय किंवा लाँचची फेरी झाल्याशिवाय कळत नसे. दोन दिवस तिथेच संपायचे.

आता बोया स्वतः कळवतो. डोक्यावर सौर पट्ट्या, पोटात बॅटरी, शिवाय जीपीएस आणि एआयएस, म्हणजे आपली ओळख व जागा आपोआप कळवणारी यंत्रणा. साधारण दर तीन मिनिटांनी तो व्हीएचएफवरून आपली जागा आणि दिव्याची अवस्था सांगतो. किनाऱ्यावरच्या केंद्राला कळतं, जवळच्या जहाजांच्या पडद्यावरही उमटतं. दिव्यापाशी माणूस लागू नये ही धडपड जुनीच. स्वीडनच्या गुस्ताफ दालेनने १९०७ साली केलेल्या झडपेत काळा दांडा दिवसाच्या उजेडाने तापून लांबायचा आणि गॅस आपोआप बंद व्हायचा. त्याला १९१२चं नोबेल मिळालं; त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीनच्या स्फोटात त्याची दृष्टी गेली.

मला खिळवून ठेवलं ते मात्र पाण्याखालच्या साखळीने. तळाशी काँक्रीटचा ठोकळा, त्याला बांधलेली साखळी पाण्याच्या खोलीपेक्षा लांब. त्यामुळे बोया फेरा घेतो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. पाणी उतरलं की साखळी सैल पडून फेरा रुंदावतो. ‘जागा सोडली’ हा इशारा किती अंतरावर वाजवायचा? हद्द आखूड ठेवली तर ओहोटीलाही खोटे इशारे येतात आणि पाळीवरचा माणूस ते मनावर घेईनासा होतो. सैल ठेवली, तर ठोकळा घसरलेला उशिरा कळतो.

त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. साखळीचा वरचा भाग लोंबतो, खालचा चिखलात पडून असतो. मधला तुकडा मात्र लाटेसरशी उचलला जातो, तळावर आपटतो. कडीला कडी घासते आणि नेमकी तिथेच झिजते. कडी अर्धी उरली तरी पडद्यावर दिवा ठीक, बॅटरी ठीक, जागा ठीक! संदेश येतो तो साखळी तुटल्यावर, बोया वाहून निघाल्यावर. ज्या मचव्यावर एआयएस नाही, त्याच्या तांडेलाला तेवढंही कळत नाही. तो दिव्यावर भरवसा ठेवून सुकाणू धरतो.

पावसाळ्यात ढगांमुळे बॅटरी नीट भरत नाही, पट्ट्यांवर पक्ष्यांची विष्ठा साचलेली असते. वीज वाचवायला संदेश कमी करावेत, तर वादळाचे दिवसही तेच. यंत्र बसवलं म्हणून फेऱ्या कमी करायचा मोह कुणालाही होईल. दिवा पाहायच्या फेऱ्या खुशाल कमी कराव्यात. साखळीसाठी मात्र बोया क्रेनने उचलायला हवा, कालवं खरवडायला हवीत, घासल्या जागी कॅलिपर लावून कडी मोजायला हवी, उतरलेला तुकडा बदलायला हवा. आणि हे सगळं पावसाळ्याआधी, कारण जुलैच्या लाटांत हेलकावणाऱ्या बोयाला क्रेनचा आकडा अडकवणं म्हणजे खलाशांच्या जिवाशी खेळ.