एका फेरीत तीन बाजार : विमानभाड्यात बचत कशी कराल?

सोनई परिसरातील व्यापाऱ्यांना घोडेगावचा कांदा बाजार नवा नाही. महाराष्ट्राचा कांदा दुबई, श्रीलंका व मलेशियापर्यंत जातो. परंतु तेथील खरेदीदाराला समक्ष भेटण्याचा विषय निघाला की 'विमानाचा खर्च कुठून आणायचा?' हा प्रश्न पुढे येतो. खर्च मोठा आहे हे खरे. मात्र तिकीट कसे काढले यावर तो पुष्कळसा अवलंबून असतो.

पहिली गोष्ट मार्गाची. तिन्ही देशांना वेगवेगळे जाऊन परतायचे म्हटले तर सहा उड्डाणे होतात. मुंबई–दुबई–क्वालालंपूर–कोलंबो–मुंबई अशी फेरी आखली तर चारच होतात. सोनईहून मुंबई गाठण्याचा खर्चही तीनदा न होता एकदाच होतो. कोलंबो परतीच्या वाटेवर असल्याने ते शेवटी ठेवावे.

आता दोन प्रकारे भाव काढावा. एक, एजंटाकडून 'मल्टी-सिटी' म्हणजे सर्व टप्प्यांचे एकच तिकीट. दुसरा, प्रत्येक टप्प्याचे सुटे तिकीट. शारजाहची एअर अरेबिया, क्वालालंपूरची एअर एशिया यांसारख्या स्वस्त कंपन्यांमुळे सुटी तिकिटे कधी कधी कमी पडतात. परंतु त्यांत सामानाचे भाडे बहुधा वेगळे असते. नमुन्यांच्या पेट्या न्यायच्या असतील तर वजनाचे पैसे आधीच भरावेत. विमानतळावर तेच महाग पडते.

सुट्या तिकिटांचा धोकाही ओळखावा. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे सुटले तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही, नवे तिकीट आपल्याच खिशातून काढावे लागते. म्हणून जेथे एक-दोन दिवस मुक्काम आहे तेथेच सुटे तिकीट घ्यावे. त्याच दिवशी विमान बदलायचे असल्यास एकच तिकीट बरे. सुट्या तिकिटांत मधल्या विमानतळावर सामान सोडवून पुन्हा द्यावे लागू शकते व त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

एकत्रित तिकिटावरचा एखादा टप्पा न कळवता सोडू नये. तसे केल्यास पुढचे सर्व टप्पे, परतीच्या प्रवासासह, रद्द होऊ शकतात.

कांदा व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती मे 2024 मध्ये उठली. त्यानंतर निर्यात शुल्क होते, तेही 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाले. असा निर्णय अचानक आला तर दौराच निरर्थक ठरतो. ज्या तिकिटाचा पैसा परत मिळत नाही, ते सर्वांत स्वस्त दिसले तरी अशा धंद्याला महागात पडते. थोडे अधिक देऊन तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे आणि बदलाचे शुल्क किती, हे आधीच विचारावे.

तारखाही हिशेबाने धराव्यात. ईद व शाळांच्या सुट्ट्यांच्या दिवसांत आखाती देशांची भाडी चढतात. 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवारी बंद असतात. गुरुवारी रात्री दुबईला उतरणारा व्यापारी स्वस्त तिकिटात वाचवलेले पैसे हॉटेलात घालवतो. सोमवारी सकाळी काम सुरू होईल असे विमान पाहावे.

नियमित जीएसटी नोंदणी असलेल्यांनी तिकीट काढतानाच आपला जीएसटी क्रमांक द्यावा. प्रवास धंद्यासाठी असेल तर तिकिटावरील कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील दुकानदारांना ती मिळत नाही.

शेवटी, भाव तोंडी घेऊ नका. किमान दोन एजंटांकडून भाडे, सामानाचे वजन, तारीख बदलण्याचे शुल्क, रद्द केल्यास परतावा आणि टर्मिनल हे सर्व कागदावर लिहून घ्या. त्यात व्हिसा, हॉटेल व सोनई–मुंबई प्रवास मिळवा. मगच दोन्ही बेरजा शेजारी ठेवून निर्णय करा.