जुने घर घेताना परखी कोठे लावावी?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस कडधान्याच्या बाजारातील चढउतारांविषयी लिहावयास सांगितले होते. त्या विषयावर आमच्याहून अधिक जाणकार सभासद आपल्यात आहेत, म्हणून मंडळाची अनुज्ञा घेऊन आम्ही निराळाच विषय निवडला आहे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे अद्यापि शहराच्या जुन्या गल्ल्यांतच घर घेणे पसंत करतात. दुकान जवळ, बस्ती जवळ, आप्तेष्ट जवळ. हे कारण आहेच. परंतु अशी जुनी घरे घेताना जी एक गोष्ट आपण सर्रास करीत नाही, तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

धान्याच्या व्यवहारात परखी लावल्याशिवाय पोते आत घेतले जात नाही, हे आपणांस सांगावयास नको. वरचा दाणा टपोरा असला तरी तळाचा नमुना काढून हातावर घेतल्याविना आम्ही भाव बोलत नाही. हल्ली तर ओल मोजण्याचे यंत्रही पेढीवर असते. तुरीच्या पंचवीस पोत्यांसाठी एवढी खबरदारी घेणारे आम्ही, जन्माची पुंजी घालून घर घेताना मात्र रंग पाहिला, देवघराची दिशा पाहिली आणि संचकार देऊन मोकळे झालो. ही गोष्ट सन २००८ ची.

ते घर बेळगावच्या शहापुरात होते. शहापूर हे स्वातंत्र्यापूर्वी सांगली संस्थानात मोडत असे आणि तेथील पेठेतील जुन्या घरांचा घाट ठरलेला आहे: दर्शनी बाजू अरुंद, लांबी मोठी, मध्ये चौक, मागे परसदार आणि आड. विकणारे आमचे सोयरेच होते. त्यांनी दिवाळीपूर्वी घरास रंग दिलेला होता, किंमत साडेअठरा लाख ठरली, आणि मार्गशीर्षात खरेदीपत्र झाले. "एखाद्या इंजिनिअरला दाखवावे का?" असे आमच्या धाकट्या बंधूंनी एकदा विचारले होते. सोयऱ्यांच्या घरात परका माणूस नेऊन भिंती ठोकून पाहावयाच्या, हे आम्हांस लाजिरवाणे वाटले. विषय तेथेच संपला.

दोन पावसाळे गेले. सन २०१० च्या श्रावणात एके सकाळी माजघरावरील कडीपाट वीतभर खाली आला. पश्चिमेच्या भिंतीत बसविलेले तुळईचे डोके आतल्या आत कुजून त्याचे अक्षरशः पीठ झाले होते. त्याच खोलीत आमच्या मातोश्री निजत असत. त्या वेळी त्या दर्शनास बस्तीत गेल्या होत्या, एवढेच आमचे भाग्य. दुरुस्तीस सव्वासहा लाख लागले. त्याहून मोठा खर्च पुढे झाला. सोयऱ्यांनी जाणूनबुजून फसविले असे आम्ही चारचौघांत बोललो आणि पुढील चार वर्षे दोन्ही घरांचे जाणेयेणे बंद राहिले. वस्तुतः भिंतीच्या पोटातील लाकूड त्यांनाही कधी दिसले नव्हते. हे आम्हांस फार उशिरा उमगले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. घर घेताना 'सर्व्हे झाला आहे' असे म्हणणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी गोष्टीविषयी बोलत असतो. वकील दप्तर पाहतात, म्हणजे मालकी, बोजा, वारसांचे हक्क. (सन २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत कन्यांचाही जन्मसिद्ध हक्क आहे, आणि तो कायदा आपणा जैनांसही लागू आहे, हे विसरू नये.) सिटी सर्व्हेची मोजणी ही जागेच्या हद्दीची आणि क्षेत्रफळाची. बँकेकडून येणारे व्हॅल्युअर हे कर्जापुरती किंमत ठरवितात. बँकेचा पैसा बुडणार नाही एवढेच त्यांना पाहावयाचे असते आणि ते सहसा घरात फार वेळ थांबतही नाहीत. या तिघांपैकी कोणीही तुळईच्या डोक्यात टोच्या घालून पाहत नाही. ते काम बांधकामाच्या मजबुतीचे ज्ञान असलेल्या स्थापत्य अभियंत्याचे, आणि त्यातही जुनी माती-चुन्याची बांधकामे ज्याने हाताळली आहेत अशाचे. केवळ नवे स्लॅब टाकणारा अभियंता हुशार असला तरी जुन्या भिंतीची भाषा त्यास समजेलच असे नाही. दलालाने आणलेला माणूस तर मुळीच घेऊ नये. ज्याची फी आपण देतो तोच आपला.

असा जाणता मनुष्य काय पाहतो, ते आम्ही पुढे एका घराच्या वेळी चार तास त्यांच्या मागे फिरून पाहिले. ते आत शिरलेच नाहीत. प्रथम समोरच्या ओट्यावर उभे राहून आढ्याची रेषा पाहिली. आढे मध्येच खचलेले असेल तर खाली काही तरी हलले आहे असे समजावे. नंतर ओळंबा सोडून भिंती तपासल्या. आपल्याकडील जुन्या भिंती जांभ्या दगडाच्या नाही तर कच्च्या विटांच्या, आणि दर्जा चिखलाचा किंवा चुन्याचा. चुन्याचे काम श्वास घेते. ओल आत शिरली तरी उन्हाळ्यात निघून जाते. अशा भिंतीस कोणी हौसेने सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, आणि बाहेरून भिंत नवी दिसत असता आतील माती मऊ होत जाते. आमच्या शहापुरच्या घरात नेमके हेच झाले होते. म्हणून जुन्या भिंतीवर नवा कोरा सिमेंट गिलावा दिसला की आनंद मानण्याऐवजी तो केव्हा व का केला, हे विचारावे.

भेगांचे शास्त्र निराळेच आहे. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेघा विशेष भीतीच्या नव्हेत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढत जाणारी, बोटाचे टोक शिरेल अशी भेग मात्र पाया खचल्याची खूण असू शकते. ती भेग जुनी होऊन थांबलेली आहे की अद्यापि वाढत आहे, हे पाहण्यास भेगेवर काचेची लहान पट्टी प्लास्टरने चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. काच तडकली तर भिंत चालती आहे. खरेदी ठरल्यापासून खरेदीपत्र होईपर्यंत जो काळ जातो, तेवढ्यात ही साधी परीक्षा सहज होते.

लाकडाकडे त्यांनी सर्वांत अधिक वेळ दिला. खांब, तुळया, कड्या यांचा मधला भाग बहुधा चांगलाच असतो. जुन्या सागवानाला तोड नाही. बिघडते ते भिंतीत गेलेले टोक आणि जमिनीलगतचा खांबाचा बुंधा. हातोडीने ठोकले असता भरीव लाकूड खणखणीत बोलते आणि पोकळ झालेले बद्द वाजते. संशय आल्यास बारीक गिरमिटाने छिद्र पाडून निघणारा भुसा पाहतात. ओल मोजण्यास आपल्या पेढीवरच्यासारखेच एक लहान यंत्र होते, ते पाहून आम्हांस थोडे हसू आले.

मागील बाजूस नंतर वाढविलेले स्वयंपाकघर, न्हाणीघर वगैरे भाग बहुधा स्लॅबचे असतात. तेथे आतील लोखंड गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. स्प्रिंगच्या हातोड्याने पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतात. त्यावरून मजबुतीचा अंदाज येतो, परंतु अंदाजच. दुसरी एक युक्ती आम्हांस फार आवडली. काँक्रीटचा ताजा तोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडतात. जेथे ते गुलाबी होते तेथे काँक्रीटचा क्षार शाबूत आहे व लोखंडास संरक्षण आहे. जेथे रंग येत नाही तेथपर्यंत हवेने आपले काम केलेले आहे. शाळेत रसायनाच्या तासाला पाहिलेला हा रंग पुन्हा असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

विजेच्या जुन्या तारा, अर्थिंग, गटाराचा उतार, बुजविलेला शोषखड्डा, भिंतीतून उगवलेला पिंपळ या गोष्टी लवकर पाहून होतात. सामायिक भिंतीचे मात्र तसे नाही. जुन्या गल्लीत दोन घरांमध्ये पुष्कळदा एकच भिंत असते आणि दोन्हीकडच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या असतात. उद्या शेजाऱ्याने आपले घर पाडून इमारत बांधावयाचे ठरविले तर आपले अर्धे घर कशावर उभे राहणार? म्हणून भिंत कोणाची, तिच्यावर कोणाचे ओझे आहे आणि शेजाऱ्याचा विचार काय आहे, हे आधी विचारावे. त्याचबरोबर रस्तारुंदीची रेषा घरावरून जाते काय, याची चौकशी महानगरपालिकेत करावी.

वाळवीविषयी आपल्या कुटुंबांत एक विशेष अडचण असते. घरात वाळवी निघाली की औषध मारावयाचे म्हणजे असंख्य जीवांची हिंसा; वडील मंडळींस ते रुचत नाही, आणि मग उपाय न करता घर पोखरू दिले जाते. आमचे म्हणणे असे की ही अडचण खरेदीपूर्वीच टाळावी. वाळवीच्या मातीच्या नळ्या पायाजवळ, चौकटीच्या मागे, परसातील लाकूडफाट्यात जाणत्या नजरेस दिसतात. असे घर घेऊच नये, किंवा घ्यावयाचे असल्यास ओल कोठून येते ते बंद करून, लाकूड व माती यांचा संबंध तोडून दगडी उथळ्यावर खांब घेण्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

चातुर्मासात घराचे व्यवहार करू नयेत अशी आपल्यात पुष्कळांची रीत आहे. रीत पाळावी; परंतु घर पाहावयाचे ते नेमके त्याच दिवसांत. बेळगावचा पाऊस लागला म्हणजे कोणते कौल गळते, पन्हळ कोठे तुंबते, जोत्यापाशी पाणी किती तुंबते हे घर स्वतः सांगते. फाल्गुनात प्रत्येक घर कोरडेच असते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली, आणि ६ ऑक्टोबर २०२१ रोजी तालुक्यातील बडाल अंकलगी येथे घर कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. भिजलेली भिंत पाऊस थांबल्यावरही कोसळते, हे ध्यानी ठेवावे.

कायद्याच्या भरवशावर राहू नये, म्हणून एवढेच सांगतो. सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास साधारण खबरदारी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. परंतु साधारण खबरदारी घेतली असती तर जो दिसला असता, त्याविषयी मागाहून तक्रार चालणे कठीण. सन २०१६ च्या रेरा कायद्यात बांधकामातील दोषांची पाच वर्षांची जबाबदारी आहे, पण ती नव्या प्रकल्पाच्या बांधकाम व्यावसायिकावर. पेठेतील जुन्या घराच्या मालकावर नव्हे. आमचा एक पुतण्या विलायतेत असतो. तो सांगतो की स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विकावयास काढणाऱ्यानेच तपासणीचा अहवाल तयार ठेवावयाचा असा नियम आहे. ज्या महिन्यात आम्ही न तपासता खरेदीपत्र केले, जवळजवळ त्याच महिन्यात!

सन २०२३ मध्ये धाकट्या चिरंजीवांसाठी घर पाहावयाची वेळ आली. विकणारे गृहस्थ आमच्या पेढीचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक, किराणा दुकानदार. अभियंत्याचे नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. "अण्णा, तीस वर्षांच्या उधारीत तुमचा एक पैसा तरी बुडविला काय मी?" असे ते म्हणाले. आम्ही त्यांस शहापुरची सगळी हकीकत सांगितली, सोयऱ्यांना बोललेल्या शब्दांसकट. ते काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पाहू दे. मलाही कळेल."

तपासणीस बारा हजार रुपये पडले आणि नऊ पानांचा अहवाल आला. सागवान उत्तम, कौलारू छप्पर ठीक. परंतु सामायिक भिंत दहा फुटांत दोन इंच पोटाशी फुगलेली आणि स्वयंपाकघराच्या स्लॅबचे लोखंड गंजलेले. दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाख. दुकानदार दोन दिवस रागावून होते. तिसऱ्या दिवशी स्वतः पेढीवर आले, अहवाल मागून घेतला, मुलाकडून वाचवून घेतला आणि तीन लाख कमी करावयास राजी झाले. दीड लाख आम्ही सोसले. शेजाऱ्यांशी भिंतीचा लेखी करार करून, चातुर्मास लागण्यापूर्वी काम पुरे केले. अहवालाची एक प्रत त्यांनी मागून नेली. घराचा दुसरा भाग त्यांच्या भावाकडे आहे आणि ती फुगलेली भिंत पुढे तिकडेही जाते.

शहापुरच्या आमच्या सोयऱ्यांकडे आता जाणेयेणे पूर्ववत आहे. गेल्या दिवाळीत त्यांच्या चिरंजीवांनी एका जुन्या घराची गोष्ट काढली आणि त्या अभियंत्यांचा पत्ता विचारला. वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसत राहिले. आम्ही तेथेच चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.